रविवारचा डबा

काकू, गॅसवर वांगी शिजताहेत. तुम्ही असतात तर झाकण उचलून आधी पाणी बघितलं असतंत आणि म्हटलं असतंत, "काऊन बे, वांगं शिजवून राह्यला का त्याले पोहाले शिकवून राह्यला?" सकाळच्या गाडीने देऊळगाव राजाला जायचं आहे. भाजी होईपर्यंत या कागदावर तुमच्याशी बोलत बसतो.

बुलढाण्यात मी आणि माझा मित्र एम.ए., एम.एस्सी. करत होतो, तेव्हाची खोली तुम्ही कधी पाहिली नाहीत. तिथे एक खिडकी होती, दोन गाद्या, आणि दोघांत मिळून एक सायकल. तो वनस्पतिशास्त्राचा. गावाकडून आणलेली पानं-फुलं जुन्या वर्तमानपत्रांत दाबून तो गादीखाली वाळवायचा, आणि त्याने कागद दाबून टाकण्याआधी तो वाचून काढायची घाई मला असायची. पुढे आयुष्यभर पेपरला वेळेत मजकूर द्यायचं काम करायला लागलो, त्याची सवय बहुतेक तिथेच लागली. दिवसभर तास, ग्रंथालय, झेरॉक्सच्या दुकानासमोरची रांग. संध्याकाळी कॉलेजच्या मैदानावर व्हॉलीबॉल. आणि मग तुमची खानावळ.

तुमच्याकडे जेवताना खेळावर बोलायची चोरी होती, कारण तुम्हीच मध्ये पडायच्या. पिंपळगाव राजाच्या शाळेत तुम्ही खो-खो खेळलेल्या. एकदा क्रिकेटची मॅच लागलेली होती, आणि तुम्ही वरण वाढता वाढता टीव्हीपुढे थांबलात.

"हे बाकीचे काऊन उभे हायेत?"

"फिल्डिंग असते ते, काकू," तो म्हणाला.

"असंल. आमच्या वावरात असा उभा राह्यला असता तं बानं हाकलून देला असता."

सगळी पंगत हसली. तो मात्र हसला नाही. क्रिकेटवर त्याचा जीव होता. व्हॉलीबॉल तो फक्त माझ्यासाठी खेळायचा. मला क्रिकेट म्हणजे आळशी माणसांचा खेळ वाटायचा आणि मी ते रोज बोलून दाखवायचो. एवढं असूनही आमचं कधी बिनसलं नव्हतं.

बिनसलं ते जाळीवरून. कॉलेजच्या विभागांचे व्हॉलीबॉलचे सामने होते आणि मी पंच. शेवटच्या गुणाला त्याने उडी मारून चेंडू असा हाणला की समोरच्यांना हलताही आलं नाही. पण त्याचा हात जाळीला लागला होता, म्हणजे गुण समोरच्यांचा. मी शिट्टी वाजवली. त्यांचा संघ हरला. मैदानावरून जाताना तो माझ्याजवळ थांबला आणि हळूच म्हणाला, "तू मैतर हायेस का पंच?" त्यानंतर खोलीत शब्द नाही. सायकल तो घेऊन जायचा, मी पायी जायचो. तुमच्याकडे तो पंगतीच्या एका टोकाला, मी दुसऱ्या.

रविवारी संध्याकाळी खानावळ बंद असायची, म्हणून दुपारीच डबे बांधून द्यायच्या. त्या रविवारीही दिलेत. संध्याकाळी मी माझा डबा उघडतो तर वरच्या कप्प्यात वांग्याची भाजी, मधल्या कप्प्यात वांग्याची भाजी, खालच्या कप्प्यातही तीच. भाकरीचा तुकडा नाही. पलीकडे तोही आपल्या डब्याकडे बघत बसला होता. त्याच्याकडे भाकरीच भाकरी. चटणीसुद्धा नाही. बराच वेळ आम्ही दोघंही आपापल्या डब्यात असं बघत होतो, जणू बघून काही बदलणार होतं. मग त्याने वाळवणाच्या ढिगातलं एक वर्तमानपत्र ओढून मधोमध पसरलं आणि त्यावर भाकरी ठेवल्या.

दोन-तीन घास झाल्यावर म्हणाला, "मीठ कमी हाये."

मी म्हटलं, "हो."

"मले तं हात लागल्यावानी वाटलं नाही."

"लागला होता."

"बरं."

एवढंच. त्याला शेवटपर्यंत पटलं नाही आणि मी शेवटपर्यंत बदललो नाही. सोमवारी रिकामे डबे परत केले तेव्हा तुम्ही ते उलटे करून पाहिलेत. "भांडा ना तुमी. म्या कुठी नाही म्हनलं? पन जेवून भांडा." त्यानंतर तो तुमच्या चुलीपुढे बसून भाकरी थापायला शिकला, मी फोडणी द्यायला. निकाल लागला तेव्हा तुम्ही तो भाजीचा डबा मला दिलात, भाकरीचा त्याला. तुम्ही गेलात त्या दिवशी आम्ही एकाच मोटारसायकलवर आलो होतो. वाटेत तो एकदाच बोलला, "आता रविवारी काय करावं बे?" तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा.

दिवाळीपासून आलेला नाही. देऊळगाव राजाला तो शाळेत शिकवतो आणि हिवाळ्यात टेनिस बॉल क्रिकेटचे सामने भरवतो. त्यासाठी मैदानावरचे व्हॉलीबॉलचे खांब उपटून ठेवले होते, ते मी पाहिलं आणि पेपरात लिहिलं. एका खेळाला जागा देताना दुसऱ्याचा खड्डाही बुजवून टाकू नये, असं. त्याचं नाव घातलं नव्हतं, पण गावात कोणाला कळायचं राहिलं? छापून आलं त्या रात्री मोबाइलवर त्याचं एकच वाक्य आलं, "तू मैतर हायेस का पेपरवाला?"

मत माझं आजही तेच आहे, काकू, आणि त्याला तसं सांगणार आहे. पण फोनवर नाही. तुमचा डबा घासून ठेवला आहे. वरच्या कप्प्यात भाजी, मधल्या कप्प्यात भाजी, खालच्यातही. त्याने दार उघडलं नाही तर परतीच्या गाडीत काय खाणार, हा विचार मी केलेला नाही.

हा कागद टाकायला पेटी नाही. डब्याखाली घडी घालून ठेवीन, म्हणजे तेल गळलं तर पिशवी खराब होणार नाही. आणि एक तुम्हाला सांगून टाकतो, इतकी वर्षं झाली तरी मला भाकरी थापता येत नाही. मी कधी शिकलोच नाही. ती त्याला येते.