फुली मारलेली बाजू

प्रिय ठकू,

फोन करायचा सोडून आई पत्र काय लिहीत बसलीय, असं तुला वाटलं असेल. फोनवर माझी दोन वाक्यं होतात न होतात तोच तू "आई, आधी ऐक ना" म्हणतेस, आणि मग शेवटपर्यंत मीच ऐकत राहते. पत्राला तसं मध्येच तोडता येत नाही. तेव्हा एका जागी बस आणि क्रमाने वाच. आधी शेवटचं पान उघडून बघायची तुझी शाळेपासूनची खोड आहे, ती आजच्यापुरती आवर.

बातमी अशी, की मोटरसायकलचं मागचं टायर आम्ही बदललं. घरी. मी आणि तुझ्या बाबांनी. आता कपाळाला हात लावला असशील, तर तो खाली घे.

गेल्या महिन्यात त्या वळणावर गाडी घसरली, बाबांचा गुडघा फुटला, माझं कोपर सोललं. तू धावत आलीस. दोन दिवस आमचं सगळं केलंस आणि निघताना गाडीची किल्ली तुझ्या पर्समध्ये टाकलीस. त्रेसष्टाव्या वर्षी कसली मोटरसायकल, म्हणालीस. पुढच्या महिन्यात येऊन ती विकून टाकते आणि तुम्हा दोघांना माझ्याकडेच घेऊन जाते, म्हणालीस. बाबांनी मान डोलावली. मी मूग गिळून बसले. बसायला नको होतं. बावीस वर्षं याच गाडीवरून मी दारोदार जाऊन लोकांच्या जखमा बांधल्या, बाळंतिणी बघितल्या, तुला मागे बसवून परीक्षेला पोचवलं. आणि माझ्याच घरात, माझ्यासमोर, माझ्या गाडीचा निकाल लागत होता तेव्हा मी चहाच्या कपात बघत होते. खरं सांगू, त्याचा राग तुझ्यावर कमी आणि माझ्यावर जास्त आहे.

तू गेल्यावर मी गाडीपाशी उकिडवी बसून नीट बघितलं. मागचं टायर इतकं झिजलं होतं, की तळहात फिरवला तरी खाच लागेना. चूक माझीच, बदलू बदलू म्हणत मी वर्ष काढलं. ती कबूल. पण घसरलं ते टायर, माझं वय नाही. हे सांगून नवं टायर बसवून घ्यायला मी लगेच आपल्या मेकॅनिककडे गेले, तर तो मान खाली घालून हातातला पाना पुसत राहिला. शेवटी म्हणाला, काकू, ताईंचा फोन आला होता, त्यांनी तुमच्या गाडीला हात लावू नका म्हणून सांगितलंय. ठकू, त्या दुकानाच्या दारात मला पहिल्यांदा म्हातारं वाटलं. गाडीवरून पडले तेव्हासुद्धा वाटलं नव्हतं. तिथून निघाले ती टायर आणि ट्यूब विकत घेऊन, टायर मांडीवर ठेवून बसने घरी आले. शेजारचा माणूस सारखा बघत होता. बघू दे म्हटलं.

चाक काढण्यातच पहिला दिवस गेला. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, पण आसाचा नट काही जागचा हलेना. पाना लावला, पान्याच्या दांड्यावर पडद्याचा पाइप चढवून दांडा लांब केला, शेवटी त्या पाइपवर उभी राहिले तेव्हा कुठे तो कुरकुरला. निघालेली प्रत्येक वस्तू बाबांनी जुन्या चादरीवर निघाली त्या क्रमाने मांडली, कापलेल्या शर्टाचे भाग मांडावेत तशी. बाही, कॉलर, कफ, तसं नट, वॉशर, बुश. हात थरथरतात त्यांचे आता, सुईत दोरा जात नाही, पण मांडणी चुकत नाही. शिवणाचं दुकान बंद केल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांना कुठल्या कामावर असं वाकलेलं बघितलं.

दुसऱ्या दिवशी चाक शिवणाच्या खोलीत आणलं. हवा सोडली, तरी टायरची कड रिमला अशी चिकटलेली की नाकी नऊ आले. मी एकटी वर उभी राहिले, काही नाही. मग बाबांना हात दिला आणि आम्ही दोघं एकमेकांना धरून त्या टायरवर चढलो. एवढ्या जवळ किती वर्षांनी उभे होतो कोण जाणे. बाबा हसायला लागले, मी हसायला लागले, आणि त्या हसण्याच्या हिसक्यानेच कड सुटली. जुनं टायर निघालं. नवं मात्र बसेना. मी लोखंडी पट्ट्या घालून जोर लावला, आणि शेवटच्या वीतभर भागासाठी इतका लावला की आतली नवी कोरी ट्यूब पट्टीखाली चिमटली. हवा भरली तर फुस्स. मी पट्टी भिरकावली आणि जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

बाबांनी ट्यूब काढून पाण्यात बुडवून भोक शोधलं, ठिगळ लावलं. ठिगळ लावण्यात त्यांचा हात कोण धरणार. मग म्हणाले, तू नुसती ओढतेस. बाही बसत नसेल तर ओढायची नसते, समोरून सैल सोडायची असते. आणि समोरची कड त्यांनी गुडघ्याने रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरली. त्याच दुखऱ्या गुडघ्याने. इकडची कड माझ्या हातांनी, पट्टीशिवाय, सुळकन आत गेली. बावीस वर्षं गाडी चालवणारी मी, आणि शिकवलं कुणी, तर मागे बसून डोळे मिटून घेणाऱ्या शिंप्याने!

पण एवढ्यावर भागलं असतं तर आम्ही कसले. टायरवर एक बाण असतो, चाक ज्या दिशेने फिरणार त्या दिशेला तो यावा लागतो. माझा चष्मा टायर सरकावं म्हणून लावलेल्या साबणाच्या पाण्याने माखला होता, म्हणून मी बाबांना आधीच सांगितलं होतं की बाण बघा आणि साखळीकडे यायच्या बाजूवर खडूने खूण करा. त्यांनी शिवणाच्या खडूने ठसठशीत फुली मारली. मी फुलीची बाजू साखळीकडे घेऊन टायर चढवलं. चाक गाडीत बसवलं, साखळी चढवली, नट आवळला, हाताने फिरवून बघितलं, तर बाण उलटा. चाळीस वर्षं शिवण केलेला माणूस गं तो. शिंपी कापडाच्या उलट्या बाजूला फुली मारतो, लोकांना दिसणाऱ्या बाजूला खडू लावत नाही. साखळीकडे यायची ती सुलट बाजू, म्हणून त्यांनी ती स्वच्छ ठेवली आणि फुली पलीकडच्या बाजूवर मारली. मला वाटलं आता हे हात टेकणार. मीच टेकले होते जवळजवळ. पण त्यांनी चादर झटकली, पुन्हा अंथरली, आणि पाना माझ्या हातात दिला. उलटी बसलेली बाही उसवायचीच असते, एवढंच म्हणाले. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळं पुन्हा काढून आम्ही टायर सुलटं बसवलं. या वेळी ट्यूब चिमटली नाही.

मग मेकॅनिकला घरी बोलावलं. हात लावू नको, नुसतं बघ म्हटलं. त्याने हात मागे बांधून भोवती दोन फेऱ्या मारल्या, मला नट आणखी थोडा आवळायला लावला, ब्रेक दाबायला लावला, साखळीचा ताण बघितला आणि बरोबर आहे म्हणाला. तुझा शब्द त्याने मोडला नाही हो.

तो गेल्यावर मी चकाकणाऱ्या टायरकडे बघत पायरीवर बसले आणि एकदम रडू आलं. टायर बसलं, पण गाडी चालवायची कशाने? किल्ली तुझ्या पर्समध्ये, दोनशे किलोमीटरवर. बाबा उठून आत गेले. शिवणयंत्राचा खण उघडल्याचा आवाज आला. बटणांच्या डब्यात तळाशी, वरची सगळी बटणं टेबलावर ओतून, त्यांनी दुसरी किल्ली काढली. गाडी घेतली त्या दिवसापासून तिथे होती म्हणे. तू किल्ली नेलीस तेव्हा त्यांनी मान डोलावली, आणि तेव्हाही ती तिथेच होती. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीत? तर म्हणाले, तू मागशील तेव्हा द्यायची असं ठरवलं होतं, तू मागितलीच नाहीस. तुझे बाबा, ठकू. ज्यांना गाडीवर बसायची आजही भीती वाटते, ते हेल्मेट घालून दारात उभे राहिले.

नवं टायर सुरुवातीला घसरतं, म्हणून दहा दिवस आम्ही नुसते गल्लीत आणि बाजारापर्यंत हळूहळू फिरलो. माझे डोळे तपासून घेतले, मनगटं तपासून घेतली, डॉक्टरांचा कागद सोबत आणतेय. हो, आणतेय. हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल आणि शनिवारी दुपारपर्यंत आम्ही दोघं गाडीवरून तुझ्या दारात असू. सावकाश येऊ, थांबत येऊ. तू आमच्यासाठी घाबरलीस हे मला कळतं, तुझ्या जागी मीही घाबरले असते. पण घाबरल्यावर आधी मला विचारायचं होतंस, मेकॅनिकला नव्हे. दोन रात्री राहू, तुझ्या हातचं जेवू, आणि सोमवारी आमच्या घरी परत जाऊ. तुझ्याकडे राहायला येणार नाही, गाडी विकणार नाही, आणि ज्या दिवशी चालवता येणार नाही तो दिवस कुठला, ते मी ठरवेन आणि पहिल्यांदा तुलाच सांगेन. नेलेली किल्ली काढून ठेव. मला तिची गरज नाही, एक आहे माझ्याकडे. पण ती तू नेलीस तशीच, तुझ्या हाताने, बाबांसमोर माझ्या हातात परत द्यायची आहेस. त्यासाठीच येतेय. खाली गाडी लावायला सावलीतली जागा बघून ठेव.

तुझीच, अजून पुढच्या सीटवर बसणारी,
आई