झाकणं उघडायच्या आधीचा प्रश्न

सर,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. नगरचं आता अहिल्यानगर झालंय. एसटीचे कंडक्टर मात्र अजून 'नगर, नगर'च ओरडतात. आणि इंजेक्शन देताना पेशंटच्या आधी ज्याला घाम फुटायचा, तो तुमचा असिस्टंट आता व्याख्यानं देतो. हसू नका. डॉक्टरांना नोंदणी टिकवायची तर अशा व्याख्यानांना बसून गुण मिळवावे लागतात. हॉल, जेवण आणि वक्ता, तिन्ही औषध कंपनी पुरवते. वक्ता मी.

तिसगावच्या आपल्या दवाखान्यातला एक बाजाराचा दिवस आठवतो. कंपनीचा माणूस टाय सावरत बीपीच्या नव्या गोळीचं गुणगान सुरू करतो, तर तुम्ही त्याला थांबवून स्टुलावरच्या म्हातारीकडे बोट दाखवता. "गोळी हिला खायचीये. हिला समजाव." तो बिचारा अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी बोलत राहतो. म्हातारी सगळं ऐकून घेते. "ते समदं खरं हाय रं लेकरा," ती म्हणते, "पर माज्या गोळीपरीस हिच्यात काय जास्त हाय?" त्यानं बॅग आवरली. मी भिंतीकडे तोंड करून हसलो. आणि दुसऱ्याच दिवशी तीच गोळी मी एकाला लिहून दिली, कारण ते लांबलचक नाव लिहिताना मला मोठा डॉक्टर झाल्यासारखं वाटलं. तुम्ही चिठ्ठी पाहिलीत आणि सगळ्या पेशंटसमोर म्हणालात, "जुन्या गोळीनं तुझं काय घोडं मारलं होतं?" फार लागलं मला ते. आठवडाभर तुमच्याशी कामापुरतंच बोललो.

गेल्या रविवारी मनमाड रोडवरच्या हॉटेलात माझं व्याख्यान होतं. पडद्यावरच्या स्लाइड कंपनीच बनवून पाठवते, मी नुसता आवाज देतो. डॉक्टर मंडळी सही ठोकून थेट जेवणाकडे वळतात, म्हणून व्याख्यान संपेपर्यंत भांड्यांची झाकणं उघडायची नाहीत असा कंपनीचा हुकूम. मी बीपीच्याच एका नव्या गोळीचे गोडवे गाऊन संपवले, तशी श्रीरामपूरची एक तरुण डॉक्टर उठली. "सर, स्लाइडवरचा हा अभ्यास कंपनीच्याच पैशांतून झालाय, आणि तुलना औषध नसलेल्या गोळीशी केलीय. जुन्या गोळीशी का नाही केली?"

"उत्तम प्रश्न," मी म्हणालो. उत्तर नसलं की वक्ते असंच म्हणतात. पण ती काही बसेना. "मग तुमच्या घरच्यांना तुम्ही कोणती देता?"

सर, सबंध तासात हॉल पहिल्यांदा जागा झाला. मी तोंड उघडलं, तेवढ्यात कंपनीच्या मॅनेजरनं मागे वाढप्यांना हात केला आणि सगळी झाकणं एकदम उघडली. मटणाच्या वासानं अख्खा हॉल उठला. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली. ताट घेऊन रांगेत उभा राहिलो, तर नेमकी ती माझ्या पुढे. तिनं वळून पाहिलं. लिंबू हवंय का, एवढंच विचारलं.

पुढच्या महिन्यात संगमनेरला बोलावलंय. मी हो म्हटलंय. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, पण त्या मुलीला पाठवावं असं दोनदा मनात आलं. पाठवलं नाही. आईला रोज सकाळी चहानंतर बीपीची गोळी मीच देतो, सर. जुनीच.