आत्तींनी उचललेला पत्रा

हुपरी, १९ मार्च १९९९

पुन्हा दोन जोड परत आले! व्यापाऱ्याने पैंजण नुसतं हातात घेऊन झटकलं आणि सांधा सुटला म्हणे. मामंजींनी जोडलेला सांधा! चाळीस वर्षांत कुणी नाव ठेवलं नव्हतं. दिवाळीपासून हे तिसऱ्यांदा.

"घाम डोळ्यात जातोय, दिसतच न्हाय," म्हणाले. खोटं कसं म्हणू? कारखाना म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली, वर नुसता पत्रा. पंखा लावायची सोय नाही – ज्योत हलते, चांदीचा कीस उडतो. खिडक्यासुद्धा बंद. दुपारी बेचाळीस होतं. तापमापक मीच आणून लावलाय, कुणी बघत नाही ते सोडा.

जेवताना हे म्हणाले, "अप्पा, तुम्ही आता बसून खावा. सांधायला मी बसतो." मामंजी ताटावरून उठले. ज्योत फुंकायची ती फुंकणी हातातून गेली तर हा माणूस दिवसभर करणार काय?

२२ मार्च

माझं बारावी सायन्सचं ज्ञान आज पार बुडालं. खिडक्यांना ओली गोणपाटं लावली. दोन तास काय गारवा! मी तर मिरवतच होते. मग सांध्याला लावायचा टाकणखार ओलसर झाला, ज्योत लावली की तडतडून उडायला लागला. एक सांधा धड बसेना. कामाला येणारी तानाबाई कड्या ओवता ओवता हसली – "वैनी, चांदीला आंघूळ घालतायसा व्हय?"

२३ मार्च

गोणपाटं काढली.

२६ मार्च

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती, छपरावर! वय साठ, नऊवारीचा काचा मारलेला, हातात काथ्याचा कुंचा. दोन दिवस पिंपात चुना भिजत होता, त्यात डिंक – मला वाटलं, गोठ्यासाठी असेल. खालून हे ओरडतायत, "अव्वा, पडशील!" वरून उत्तर – "शश्या, शिडी धर आणि गप बस."

चुन्याचे दोन हात दिले. पांढराशुभ्र पत्रा, बघवेना डोळ्यांना. दुपारी अडतीस! चार अंश! मी तापमापक तीनदा झटकला.

३० मार्च

आत्ती एवढ्यावर थांबणार थोड्याच! म्हणतात, तापलेली हवा वर कोंडलीय, तिला वाट द्यायची. यांनी कपाळाला हात लावला – वारा आत आला तर ज्योत कशी टिकायची?

"गुऱ्हाळघराचं छप्पर बघितलंयस का कधी?" आत्तींचं माहेर बिद्रीकडचं, लहानपण सगळं गुऱ्हाळावर गेलेलं. "वरनं वाफ जाती, खाली माणसाला झुळूक लागत न्हाय."

मग आढ्याजवळचे दोन पत्रे ठोकळ्यांवर वीतभर उचलले. मागच्या भिंतीतल्या जमिनीलगतच्या चार विटा काढल्या. हवा खालून येते, भिंतीकडेने वर निघून जाते. मामंजींची जागा मधे, तिथे झुळूक नाही. मी स्वतः ज्योतीसमोर बसून पाहिलं. जराही हलली नाही.

पुस्तकात वाचलं होतं की मीही – गरम हवा वर जाते. परीक्षेत लिहिलंसुद्धा. पण पत्रा उचलायचं सुचलं ते दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईला! मला त्यांचा हेवा वाटतो, आणि फार फार कौतुक वाटतं. तोंडावर सांगितलं तर म्हणाल्या, "भाकरी करपंल, जा."

२ एप्रिल

बाहेर सदतीस, आत चौतीस. तानाबाई घरी जायला तयार नाही! शेजारच्या गल्लीतले लोक छप्पर बघून गेले. आत्ती पावण्यांना चहा पाजतायत आणि पुन्हा पुन्हा तेच सांगतायत. गालात हसत होत्या. मामंजी मात्र फुंकणीवरून मान वर करेनात.

९ एप्रिल

तीन जोड परत.

घाम नव्हता. मी चहा द्यायला गेले तेव्हा पाहिलं. कपाळ कोरडं, ज्योत सरळ, आणि फुंकणीचं टोक थरथरत होतं. मामंजींनी डावा हात उजव्या मनगटावर दाबून धरला होता. मला पाहिलं आणि फुंकणी खाली ठेवली.

"उकाडा होता तवर बरं होतं, पोरी."

मागे आत्ती उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. चहा तसाच राहिला. मला रडू आलं, आणि यांना काय सांगावं ते कळेना.

१० एप्रिल

सकाळी हे म्हणाले, "आता तर गारवा हाय. आता काय कारण?" आत्ती दारातून आत आल्या. तानाबाईसमोर, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "त्या भोकानं ज्योत हालती. माझंच डोस्कं चुकलं. पत्रं खाली घ्या."

आत्ती! ज्यांनी आयुष्यात कुणापुढे चूक कबूल केली नाही!

हे माझ्याकडे वळले – "तू तर बघितलंस न्हवं? हालती?"

ज्योत माझ्यासमोर होती. ताठ.

"व्हय," मी म्हटलं. "हालती."