फोटोतला मंडप

मंगळवार संध्याकाळ, नेरूळ

माझ्या अन्वीच्या शाळेसमोरच्या प्लॉटवर खाली दुकानं, वर फ्लॅट अशी बिल्डिंग उठणार आहे. त्यावर आज महापालिकेत सुनावणी होती. तिथल्या साहेबांनी शाळा सुटतानाचा म्हणून रस्त्याचा फोटो दाखवला. एक रिक्षा नाही, एक स्कूलबस नाही! म्हणे ट्रॅफिकचं टेन्शनच नाही. आणि कोपऱ्यात चक्क गणपतीचा मंडप. मी उभी राहून ओरडलेच, "अहो, गणपतीत शाळेला सुट्टी असते!"

तर शाळेच्या मुख्याध्यापिका बाई शांतपणे म्हणाल्या, "फोटो आम्हीच दिलाय. ही नवी बिल्डिंग शाळेच्या ट्रस्टचीच आहे ना."

बाईंनी? सुट्टीतला फोटो आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं; त्याच मंडपात आरतीला आम्ही दोघी शेजारी उभ्या होतो.

आणि उद्या सकाळी गेटवर अन्वीचा हात त्यांच्याच हातात द्यायचा.