आधी नळ, मग बायको

७ डिसेंबर
आले घरी. चपला काढल्या, सरळ मोरीत, नळाला हात. मग माझ्याकडे डबा! थंडी पडली की रोजचंच. एकदा मला हात लावला तर चटका बसला. तेव्हापासून आधी नळ, मग बायको! अंगातली वीज म्हणे नळात उतरते. ह्यांच्या रंगाच्या कारखान्यात पिंपांत थिनर भरतात ना – तिथल्या वाफेला एवढीशी ठिणगीही पुरते. आमच्या मोरीत कसली आलीय वाफ?

९ डिसेंबर
स्वेटर पुरा झाला! निळा. "सुंदर आहे गं," म्हणाले – आणि घडी घालून कपाटात. "भरणीखात्यात फक्त सुती चालतं. ही लोकर म्हणजे नायलॉनची बहीण."
"मग मेव्हणीचा जरा मान ठेवा की!"
हसले, पण स्वेटर कपाटातच. मी रुसले. रुसलेय हे मलाच सांगावं लागलं.

१० डिसेंबर
खोकतात नुसते. त्या पातळ सुती कोटात कुडकुडत जातात. शेवटी स्वेटर उसवला आणि पाठीचा तुकडा कोटाला आतून टाचला. वरून सुती, आतून मी! साप मेला, काठीही मोडली नाही.

११ डिसेंबर
"कोट जड लागतोय आज."
"बस चुकेल!" म्हटलं आणि पिटाळलं. दिवसभर एकटीच हसत होते.
संध्याकाळी आले. नळाला हातसुद्धा लावला नाही. "उद्यापासून गोदामात. बढती." बढतीचा माणूस असा एरंडेल प्यायल्यासारखा दिसतो? साहेब झाले, आता भाव खाणारच!

१३ डिसेंबर
भाजी घेताना ह्यांच्या खात्यातला टकलू भेटला. मी बढतीचा तोरा मिरवला.
"बढती कसली, वहिनी! काम करता करता दादाला उकडलं, कोट काढायला घेतला, तर आतून चटचट आवाज! शेजारी पिंप उघडं. साहेबांनी सगळ्यांना बाहेर काढलं. अस्तर कुणी लावलं विचारलं, तर म्हणाला, मीच लावून घेतलं. भरणीखातं सुटलं त्याचं, गोदामात टाकलं."
घरी कशी आले, आठवत नाही. जाळलं असतं मी त्यांना. सगळ्यांनाच. आणि वर हसत होते!

१४ डिसेंबर
सकाळी कात्री घेऊन कोटाला भिडले. "राहू दे गं," म्हणाले. "गोदामात गार असतं. आणि तिथे थिनर नाही."
संध्याकाळी मोरीच्या दारातच उभी राहिले. नळाआधी मीच हात धरला. चट्! दोघांनाही लागलं. सोडला नाही.