ओट्यावर ऐकू येणारी प्रार्थना

५ जानेवारी २०२५, रविवार

नवेगाव बांधला येऊन तीनच दिवस झाले, पण जीव रमला. प्रार्थनाघर म्हणजे कवेलूच्या छपराचा एक हॉल, मागे माझी खोली, समोर ओटा आणि ओट्यावरून दिसणारा तलाव. ख्रिस्ती मंडळी पंधरा माणसांची. पाळक महिन्यातून एकदा गोंदियाहून येतात. मध्यस्थीची प्रार्थना आता माझ्याकडे.

इथली रीत मला आवडली. लोक रविवारी नावं देतात. रोज दुपारी बाराला मी आतून कडी लावून ती नावं मोठ्याने देवापुढे मांडायची. ज्याला ऐकायचं तो ओट्यावर येऊन बसतो. दुसऱ्याच्या तोंडून आपलं नाव देवाकडे जाताना ऐकलं की माणूस हलका होतो.

आज जमुनाबाईंनी नवऱ्याचं, सेवकरामचं नाव दिलं. तलावात मासे धरतो, छाती दुखते, घरात खेकसतो. त्यांची खुशबू बारावीला आहे. ती हसून म्हणाली, काका, बाबाचं नाव जोरानं घ्या, देवाले कमी आयकू येत असन. आईने तिला धपाटा घातला.

१० जानेवारी, शुक्रवार

उपवास-प्रार्थनेचा दिवस. सकाळी टेकचंदचा फोन आला. जुना मित्र, ट्रक चालवतो, कोहमाऱ्याला ढाब्यावर थांबला होता. बाराच्या आत परतू म्हणून मोटारसायकल काढली. त्याने मटण मागवलं. मी खाल्लं. खोटं कशाला लिहू, बारा वाजले तेव्हा मी घड्याळ पाहिलं होतं.

अडीचला परतलो तर जमुनाबाई ओट्यावरच. मी सबब जुळवत होतो, तोच त्यांनी हात जोडले. म्हणाल्या, भाऊ, अशी प्रार्थना मी आजवर आयकली नाही, मले रडू आलं. माझ्या बोटांना रश्श्याचा वास येत होता. मी मान खाली घातली. त्यांना ती नम्रता वाटली असेल.

हॉलची कडी आतून लागलेली होती. आत जायची दुसरी वाट माझ्या खोलीतून; तिला बाहेरून कुलूप, आणि किल्ली दिवसभर माझ्या खिशात.

१२ जानेवारी

सेवकरामचं छातीचं दुखणं थांबलं. मंडळीने आधी देवाचे आभार मानले, मग माझे. मी उभं राहून सांगायला हवं होतं. पायांत बळ नव्हतं असं नाही.

१९ जानेवारी

तलावावर सेवकराम भेटला. डोंग्यात बसलेला, जाळं कोरडं. भूक नाही, राग नाही. परवा त्याचा सख्खा भाऊ वारला, तेव्हा बरं म्हणाला आणि पाण्याकडे पाहत बसला.

जमुनाबाई म्हणाल्या, छाती बरी झाली, पण माणूस घरात नाही रायला. शिव्या देऊन राहिला होता तेच बरं होतं. मी विचारलं, त्या दिवशी मी काय मागितलं होतं? त्या म्हणाल्या, तुमीच तं म्हणून राहिले होते, याचं दुखणं काढून घे, सारं दुखणं, एकही ठेवू नको.

तेव्हाही सांगता आलं असतं. मी म्हणालो, प्रार्थना करतो.

२ फेब्रुवारी

परीक्षेला नऊ दिवस. खुशबू भीतीने रडते. जमुनाबाईंनी तिचं नाव दिलं. नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. उद्या साडेअकरालाच आत जाऊन बसेन. तिच्यासाठी मीच मागेन.

३ फेब्रुवारी

बारा वाजता गुडघे टेकले. तोंड उघडलं — आवाज नाही. आवाज समोरून आला, रिकाम्या सतरंजीवरून. माझाच. खुशबूचं नाव घेतलं. हिची भीती काढून घे. सारी.

बाहेर जमुनाबाई आमेन म्हणाल्या.

दार उघडून बाहेर आलो असतो तर — पण मग केव्हापासून, हेही सांगावं लागलं असतं. मी दाराकडे पाहत राहिलो. प्रार्थना संपली.

४ फेब्रुवारी

खुशबू रडत नाही. पुस्तक कालच्याच पानावर उघडं. मी म्हटलं, देवाले आता आयकू येते का गं? — तिने पाहिलं. नुसतं पाहिलं. चूल पेटलेली होती, तिचा हात जाळाला लागत होता, तिने काढला नाही. मी ओढला.

माझ्यामुळे. लाजेपायी.

७ फेब्रुवारी

ओट्यावर बसून लिहितो आहे. पावणेबाराला जमुनाबाईंना सगळं सांगितलं — ढाबा, मटण, कुलूप, सोमवारचं गप्प बसणं. त्यांचा विश्वास नाही. म्हणाल्या, काऊन सोताले लहान करून राहिले भाऊ —

बारा. आत सुरू झालं. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्या मिटलेल्या तोंडाकडे. उठून मागे सरकल्या.

खुशबूचं नाव नाही. आवाज चंद्रकुमार हे नाव घेतो आहे. माझं.

याची लाज काढून घे.

नको — ती आहे म्हणून तर आज बोललो — दार फोडायला हवं, आत्ता, लाज आहे तोवर — मी मटण खाल्लं, मी गप्प बसलो, पोरीचा हात — लिहून ठेवतो, म्हणजे —

सारी, म्हणतो आहे. एकही ठेवू नको.

जमुनाबाई दंड धरून हलवत आहेत. विचारत आहेत, माह्या पोरीचं काय. काय वाटायला हवं ते मला आठवतं आहे. वाटत मात्र