आईचा बुधवार

बाई, तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली आणि इतक्या उशिरा मला तुमचा राग आला आहे. तुम्ही शिकवलंत म्हणूनच हे नीट लिहिता येतंय, त्याचाही राग येतो. शाळा आठवीत सुटली, पण शंका आलेला शब्द तपासल्याशिवाय मी अजून पुढे जात नाही.

मी बहारीनमध्ये आहे, झल्लाकच्या एका हॉटेलची बाग सांभाळतो. खोलीत आम्ही पाच जण: चिपळूणचे दादा, साताऱ्याचे दोघे, मी, आणि दोन महिन्यांपूर्वी आलेला युगांडाचा माळी. इथल्या खारट मातीत रोप कसं धरवायचं हे त्याला माझ्याहून जास्त कळतं. खोलीत स्वयंपाकाचे वार वाटलेले आहेत. माझं अक्षर चांगलं म्हणून तक्ता मीच लिहितो. 'माझा वार कुठला?' असं त्या माळ्यानं विचारलं तेव्हा दादा हसून म्हणाले, "तू आराम कर भाई, तेरे को क्यों तकलीफ?" मग मराठीत आम्हाला म्हणाले, त्याच्या हातचं कोण खाणार, कसला कसला वास असतो यांच्या जेवणाला. साताऱ्याचे दोघे हसले. मी त्याचं नाव न घालता तक्ता लिहिला, ओळी पट्टीनं आखून.

ते 'आराम कर' मी आधी ऐकलं होतं. तुम्ही काढलेल्या आपल्या मळ्यावर सात घरं, सात जातींची. जमीन सगळ्यांची, चूल एक, प्रत्येक घराला एक वार. ताप आला तरी चुलीजवळ येऊन बसायचं, पण वार सोडायचा नाही, हा तुमचा नियम. जात कुणी विचारायची नाही. गावाला मात्र ती पाठ होती. 'भेसळीचा मळा' म्हणायचे आपल्याला. आमचा बुधवार. त्या बुधवारी शहरातून देणगी देणारे पाहुणे आले आहेत. आई पीठ मळतेय. तुम्ही आत येता आणि तिच्यापुढची परात अलगद ओढून घेता. "आज तू आराम कर गं. किती राबतेस." आई हात धुऊन बाहेर पायरीवर बसते. आत तुम्ही पाहुण्यांना सांगताय, इथे कुणाच्याही हातचं सगळे खातात. बाई किती प्रेमळ, असं मला वाटलं होतं. आई त्या दिवशी जेवली नाही. पोट दुखतंय म्हणाली.

मग मळा काढला कशाला होता, बाई? गाव परवडलं, ते तोंडावर बोलायचं, आई त्याला दोन शब्द सुनावायची. तुम्ही मायेनं बाजूला केलंत, म्हणून तिला भांडताही आलं नाही. बाकीच्या सहा घरांतल्या कुणी 'का' म्हणून विचारलं नाही. सगळे जेवले. मीही जेवलो.

गेल्या आठवड्यात मी नवा तक्ता लावला. शुक्रवार त्याचा. दादांनी तो वाचला आणि शांतपणे म्हणाले, "तुझ्या त्या मळ्यावरचं इथे आणू नकोस. सुपरवायझरला सांगून तुझीच खोली बदलून घेईन." मी तक्ता काढला नाही. शुक्रवारी ते तिघे बाहेर जेवायला गेले. त्यानं राजमा शिजवला, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा केला, आधी मला वाढलं आणि समोर उभा राहिला.

हे मी आईला फोनवर वाचून दाखवणार होतो. आता नाही दाखवणार. पहिला घास घेण्याआधी मी ताटावर वाकून वास घेतला, बाई, आणि ते त्यानं पाहिलं.